चेंडू, बोट आणि अक्षर

सिनेमा बघताना तोंड बंद ठेवायचं असतं, अशी आता आपली पक्की समजूत झाली आहे. मागच्या रांगेत कुणी गुणगुणायला लागलं की आपण मान वळवून बघतो. पण शंभर वर्षांपूर्वी असेही छोटे सिनेमे निघत होते, ज्यांत पडदा स्वतःच प्रेक्षकांना गायला सांगायचा. गाण्याची एकेक ओळ पडद्यावर उमटायची आणि तिच्यातल्या शब्दांवरून एक पांढरा चेंडू टुणटुण उड्या मारत पुढे जायचा. ज्या शब्दावर चेंडू, तो शब्द म्हणायचा. नियम एवढाच. थिएटरातले शेकडो अनोळखी लोक त्या चेंडूच्या मागे लागून एका सुरात, निदान एका तालात तरी, गात सुटायचे.

गाण्याखाली रंग बदलत जाणारी अक्षरं आज टीव्हीवर, मोबाइलवर, लग्नाच्या हॉलमधल्या कॅराओकेच्या पडद्यावर सर्रास दिसतात. त्या साऱ्यांचा खापरपणजोबा म्हणजे हा चेंडू. त्याची गोष्ट गमतीची आहेच. पण शिरूर-दौंडच्या पट्ट्यात वाढलेल्या माझ्यासारखीला ती नुसती गमतीची वाटत नाही. ती मला शाळेची गोष्ट वाटते. आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसांची तर अधिकच.

काळ्या हातमोज्यातला हात

ही कल्पना न्यूयॉर्कच्या फ्लायशर बंधूंची. मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर हे त्या काळातले बडे व्यंगचित्रपटकार. पुढे बेटी बूप आणि पॉपाय यांना पडद्यावर त्यांनीच आणलं. त्याआधी त्यांचा हुकमी एक्का होता कोको नावाचा विदूषक. १९२४ पासून त्यांनी ‘साँग कार-ट्यून्स’ नावाची मालिका सुरू केली. कोको आणि त्याची मंडळी थोडा धुडगूस घालायची, मग पडद्यावर गाण्याचे शब्द यायचे आणि चेंडू कामाला लागायचा. सिनेमा तेव्हा मुका होता. साथ करायला थिएटरातला पियानोवाला किंवा ऑर्गनवाला असे आणि गाणारे असत प्रेक्षक.

मुळात ही रीत सिनेमाच्याही आधीची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रंगवलेल्या काचा मॅजिक लँटर्नमधून पडद्यावर दाखवत आणि शेजारी उभा राहून एक गायक गाणं म्हणे. पुढे छोट्या सिनेमाघरांतून हाच प्रकार रिळं बदलण्याच्या मधल्या वेळात चाले. शेवटच्या काचेवर ध्रुपदाचे शब्द लिहिलेले असत आणि ते सगळ्यांनी मिळून म्हणायचे. फ्लायशर बंधूंनी त्यात ताल दाखवणारा चेंडू घातला.

१९२६ च्या ‘माय ओल्ड केंटकी होम’ या त्यांच्या लघुपटात ली डी फॉरेस्ट यांच्या तंत्राने चित्राला आवाज जोडला होता. त्यातला कुत्रा तोंड हलवून चक्क बोलतो आणि लोकांना गाण्यात सामील व्हायला सांगतो. मिकी माऊसचा गाजलेला बोलपट ‘स्टीमबोट विली’ आला तो १९२८ मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी. मग १९२९ पासून पॅरामाउंट कंपनीसाठी फ्लायशर ‘स्क्रीन साँग्ज’ काढू लागले. त्यात एथेल मर्मन, रूडी व्हॅली, मिल्स ब्रदर्स असे नामवंत गायक स्वतः पडद्यावर येत. ही मालिका १९३८ पर्यंत चालली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, तिचं पुनरुज्जीवनही काही वर्षं झालं.

या साऱ्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट पडद्यामागची आहे. तो चेंडू कुणी चित्रकाराने काढलेला नसे. गाण्याच्या ओळी एका गोल फिरणाऱ्या पिंपावर लावलेल्या असत. ओळ संपली की पिंप फिरवायचं, पुढची ओळ समोर. एका काठीच्या टोकाला पांढरा गोळा बसवलेला. काळा हातमोजा घातलेला माणूस गाणं ऐकत ऐकत ती काठी शब्दांवरून नाचवायचा. काळ्यावर काळं असल्याने चित्रणात हात आणि काठी दिसायचे नाहीत. उरायची अक्षरं आणि त्यांच्यावरून उड्या मारणारा चेंडू. संगीताची जाण असलेला भाऊ लू फ्लायशर हे तालाचं काम सांभाळी.

म्हणजे तो चेंडू खरं तर एक बोट होतं. शेजारी बसून ‘इथे बघ, आता हा शब्द’ असं दाखवणारं.

आपल्याकडे चेंडू का आला नाही?

प्रकाशातून चित्र दाखवायचं आणि सोबत गाणं-निरूपण करायचं, यात आपण कुणाच्या मागे नव्हतो. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या भारदस्त नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. काचेवर रंगवलेले रामायणातले प्रसंग एकापाठोपाठ असे सरकवत की चित्रं हलल्यासारखी वाटत. जोडीला कथन, संवाद, संगीत. कीर्तनाला सरावलेल्या प्रेक्षकाला त्यात परकं काहीच नव्हतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ करून काड्यापेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवल्या. पुण्याच्या ‘प्रभात’ने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट काढला. १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला, तेव्हा डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले. जी. के. गोखले, राम मोहन ही मंडळी त्या विभागात होती. १९५७ मध्ये तिथून ‘द बनियन डिअर’ ही जातककथेवरची चित्रफीत बाहेर पडली.

हात होते, कला होती, गाणं तर पोत्यानं होतं. शिवाय सरकारी लघुपट मुख्य चित्रपटाआधी दाखवणं थिएटरांना बंधनकारक होतं, त्यामुळे गावोगावी पोचण्याची सोयही होती. तरी अक्षरांवरून उड्या मारणारा चेंडू आपल्या पडद्यावर रुजला नाही. मला त्याचं एक साधं कारण दिसतं. १९२० च्या जनगणनेत अमेरिकेत दहा वर्षांवरच्या शंभर माणसांत निरक्षर होते सहा. आपल्याकडे १९५१ च्या जनगणनेत शंभरात साक्षर होते अठरा! १९७१ मध्येही जेमतेम चौतीस. वाचता येणाऱ्यांसाठी चेंडू हा खेळ होता. आपल्या तंबूत बसलेल्या माणसांसाठी तो कशावरून उड्या मारतोय, हेच कोडं ठरलं असतं.

म्हणून आपला प्रेक्षक गप्प बसला, असं मात्र मुळीच नाही. १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’च्या वेळी बायका थिएटरात आरतीची ताटं घेऊन येत आणि पडद्यावर आरती सुरू झाली की उभ्या राहून ओवाळत. आमच्या लोकांना गायला सांगावं लागत नाही, त्यांना थांबवावं लागतं. त्यांची गाणी कानातून थेट तोंडात जातात. मधला डोळ्यांचा रस्ता तेवढा बंद होता.

पडद्याची उलटी बाजू

माझं बालपण शिरूरचं. जुनी माणसं अजूनही घोडनदी म्हणतात ते गाव. साठच्या दशकात कवठे यमाईच्या यात्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू पडे. दिवसभर भोंगा ओरडत असे आणि अंधार पडला की जनरेटरची घरघर सुरू होई. तंबूच्या मधोमध पडदा. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका-मुलं. म्हणजे बायकांना सारा सिनेमा उलटा दिसे. नायक डाव्या हाताने जेवायचा, नायिका डाव्या हाताने कुंकू लावायची आणि सुरुवातीची नावं आरशातल्यासारखी उलटी सरकत जायची. माझ्या शेजारी बसलेल्या थोरल्या काकूला त्याचं काहीच वाटत नसे. वाचता येत नसणाराला अक्षर सुलटं काय आणि उलटं काय!

काकू भीमाकाठच्या, दौंड तालुक्यातल्या एका खेड्यातून चौदाव्या वर्षी लग्न होऊन आमच्याकडे आली होती. पाटी-पेन्सिल तिने कधी हातात धरली नव्हती. पण गाणं एकदा ऐकलं की तिचं झालं. गवळणी, अभंग, जात्यावरच्या ओव्या आणि सिनेमाची गाणी, सगळं एकाच कोठारात.

तंबूच्या बाहेर गाण्यांच्या पुस्तिका विकायला असत. पातळ, पिवळट कागद. वर नटीचा धुरकट फोटो, आत थोडक्यात कथा आणि मग गाणी. एका यात्रेत काकूने दहा पैसे देऊन अशी एक पुस्तिका घेतली. मी तेव्हा तिसरीत होते. दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसून तिने ती माझ्या हातात दिली.

“काय लिवलंय गं ह्यात? वाच की.”

मी शाळेतल्यासारखं अडखळत वाचू लागले. दोन ओळी झाल्या आणि तिने मला थांबवलं. “अगं, हे तर मला येतंय. मी म्हणते, तू नुसतं बोट फिरव.”

मग काकू गायची आणि मी शब्दांखालून बोट फिरवायची. पुढेपुढे माझं बोट बाजूला झालं आणि तिचं आलं. राखेने भरलेलं, चिरा पडलेलं बोट. सुरुवातीला गाणं पुढे जाई आणि बोट मागे राही, नाही तर ओळ संपली तरी सूर लांबलेलाच असे. पण ध्रुपद पुन्हा आलं की तेच शब्द पुन्हा दिसत, हे तिच्या लक्षात आलं. बाराखडी तिला कुणी शिकवलीच नाही. जे आधीच पाठ होतं, ते कागदावर कसं दिसतं एवढंच ती बघत गेली.

माझे मामा रेल्वेत, दौंडला. एका सुटीत काकू आम्हाला पोचवायला आली होती. न्हावरा, चौफुला करत एसटीने दौंड गाठलं. मामा भेटेपर्यंत आम्ही स्टेशनात थांबलो. फलाटावर नळाच्या वर पाटी होती. काकूने तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “पाणी.” आधीचा ‘पिण्याचे’ तिला जमला नाही. पण ‘पाणी’ तिच्या गाण्यात होतं.

आता जे सांगणार आहे त्यासाठीच हा सारा प्रपंच. १९७१ मध्ये काकूचे वडील वारले. दिवस-कार्य झाल्यावर माहेरची दोन माणसं एक कागद घेऊन आमच्याकडे आली. चहापाणी झालं. “काही नाही, तलाठ्याकडं द्यायचाय, नुसता अंगठा लागतोय,” म्हणाली. शाईचं पॅडही बरोबर आणलं होतं. काकूने कागद घेतला, मांडीवर ठेवला आणि पहिल्या ओळीखाली बोट धरलं. असे कागद कुणालाही कळायला कठीण. तिला तर दहातला एखादा शब्द लागत असेल. सगळे ताटकळले. एका जागी बोट थांबलं.

“हितं ‘सोड’ लिवलंय,” ती म्हणाली. “काय सोडायचंय?”

गवळणीत पावलोपावली येणारा शब्द. वाट सोड, पदर सोड. तो तिला हक्कसोडपत्रात सापडला. पाहुण्यांनी नजर खाली केली. काकू भांडली नाही की रडली नाही. कागद घडी करून परत देताना एवढंच म्हणाली, “सोडायचं आसंल तर माझ्या तोंडानं सोडीन. अंगठ्यानं न्हाई.”

पुढच्या वर्षी तिने खरोखरच हक्क सोडला. पण नदीकडचा अर्धा एकर स्वतःच्या नावावर ठेवून आणि कागद दोनदा वाचून घेऊन. खाली तिची सही होती. अक्षरं वाकडी, पण तिची. अर्धा एकर म्हणजे काही मोठी इस्टेट नव्हे. तरी त्यातल्या हरभऱ्याचा पहिला वानवळा दरवर्षी आमच्या घरी येई तेव्हा ती म्हणायची, “हा गाण्यातला हरभरा.”

एक, अनेक आणि अक्षर

१९७३ मध्ये सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुण्याच्या परिसरात दूरदर्शन दिसू लागलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत टीव्ही घरोघर पोचला. ऐंशीच्या दशकात दौंडला मामांकडे गेलं की त्यांची नातवंडं टीव्हीपुढे बसून एका व्यंगचित्रपटाबरोबर तोंडपाठ गाताना दिसत. फिल्म्स डिव्हिजनचा १९७४ मधला ‘एक अनेक और एकता’. बागेत खेळणाऱ्या मुलांना ताई ‘एक’ आणि ‘अनेक’ यांतला फरक समजावते आणि जाळ्यात सापडून एकजुटीने उडालेल्या पक्ष्यांची गोष्ट सांगते. एवढंसं कथानक. पण तुमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी जणांना हे वाचतावाचताच त्याची चाल आठवली असेल.

या चित्रफितीत आपली मराठी माणसंही भरपूर. दिग्दर्शिका विजया मुळे. संगीत वसंत देसाई यांचं. ‘दो आँखें बारह हाथ’ आणि ‘गुड्डी’ या चित्रपटांतल्या त्यांच्या प्रार्थना शाळाशाळांतून म्हटल्या गेल्या. पोरांना एकत्र गायला लावणारी चाल कशी असावी, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. त्यातला बालआवाज साधना घाणेकर या कोकणातल्या मुलीचा. तिला आपण पुढे साधना सरगम म्हणून ओळखू लागलो. चित्रांचं चैतन्य भीमसेन यांचं. या चित्रफितीला उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

आपल्याकडचा ‘सोबत गा’ व्यंगचित्रपट कुठला, असं कुणी विचारलं तर मी याचंच नाव घेईन. पण फ्लायशरांचा चेंडू यात नाही. शब्द ऐकू येतात, दिसत नाहीत. मामांच्या नातवंडांना गाणं अथपासून इतिपर्यंत येत होतं; त्यांच्या शेजारी बसलेल्या आजीलाही ते येऊ लागलं होतं. त्याच वेळी खाली अक्षरं असती, तर?

हा ‘असती तर’चा प्रश्न एका माणसाने गंभीरपणे घेतला. ब्रिज कोठारी अमेरिकेत शिकत असताना, १९९६ मध्ये, मित्रांबरोबर एक स्पॅनिश चित्रपट बघत होते. खाली इंग्रजी भाषांतर येत होतं. ते स्पॅनिश शिकत होते, तेव्हा त्यांच्या मनात आलं, की खाली स्पॅनिशच असतं तर किती बरं झालं असतं. आणि मग पुढचा विचार: हिंदी गाण्यांखाली हिंदीच शब्द दिले तर भारत वाचायला शिकेल! अहमदाबादच्या आयआयएममध्ये येऊन त्यांनी आधी तिथल्या दूरदर्शन केंद्रावर गुजराती गाण्यांच्या कार्यक्रमात हा प्रयोग केला. २००२ पासून ‘चित्रहार’च्या गाण्यांखाली शब्द येऊ लागले आणि म्हटला जाणारा शब्द रंग बदलू लागला. पुढे २०१३ च्या सुमारास झी टॉकीजवरच्या मराठी चित्रपटांतल्या गाण्यांखालीही हा प्रयोग झाला. अशी गाणी नेमाने बघणाऱ्यांचं वाचन सुधारतं, असं या मंडळींच्या पाहण्यांतून दिसलं. मुद्दाम वाचायला बसावं लागत नाही. अक्षर समोर हललं की डोळा आपसूक तिकडे जातो.

रंग बदलणारा शब्द म्हणजे वेष पालटलेला तोच चेंडू. माझ्या काकूला मात्र यात नवं काहीच वाटलं नसतं. तिने चुलीपुढे हेच केलं होतं.

जपानमध्ये १९७१ मध्ये डाइसुके इनोउए यांनी कॅराओकेचं यंत्र केलं, तेव्हा त्याला पडदा नव्हता. गाणाऱ्याच्या हातात शब्दांची पुस्तिका देत असत. हे वाचलं तेव्हा यात्रेतला तो पिवळट कागद डोळ्यांपुढे आला. जग कुठूनही निघालं तरी शेवटी गाणं, अक्षर आणि बोट या तीन गोष्टींपाशीच येतं.

सुलट्या बाजूला

आता तंबू जवळजवळ उठले. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. गाणं प्रत्येकाच्या कानातल्या तारेत गेलं. एका घरातली चार माणसं चार गाणी ऐकतात आणि एकमेकांना ती ऐकू येत नाहीत. दुसऱ्या बाजूला, ऐकू न येणाऱ्यांसाठी थिएटरांतून मथळे असावेत, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढली. ती मनापासून अमलात आली तर बहिऱ्यांबरोबरच अडखळत वाचणाऱ्यांचंही भलं होईल, ही गोष्ट त्या चर्चेत क्वचितच कुणी बोलतं.

सरकारने काय करावं हे सांगायला आपण रविवारी सगळेच पुढे असतो. पण यातला एक भाग घरात बसून होण्यासारखा आहे. आज बहुतेक गाण्यांचे शब्द मोबाइलवर मिळतात. घरातल्या आजीला, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना, पहिलीत अडकलेल्या नातवाला आवडणारं एखादं गाणं लावा. नवं नको, त्यांना पाठ असलेलंच. शब्द मोठे करून समोर ठेवा आणि तुमचं बोट फिरवा. शिकवू मात्र नका. फक्त सोबत गा. चार-सहा दिवसांत बोट बदललेलं दिसेल.

अजूनही कितीतरी माणसं बँकेत, तलाठ्याकडे, दवाखान्यात, पडद्याच्या उलट्या बाजूला बसलेली असतात. चित्र त्यांना सगळं दिसतं, गाणं सगळं येतं, फक्त अक्षरं उलटी असतात. त्यांना हाताला धरून या बाजूला आणायचं, तर दर वेळी वर्ग भरवावाच लागतो असं नाही. कधी कधी एक गाणंही पुरतं.